देवदूत दुसऱ्यांदा आला

अभ्यासपाठ. वाचन : १ राजे १९:४-८



‘ब’ वर्षात सामान्य काळातील एकोणिसाव्या रविवारी एलिया संदेष्ट्याचे हे वाचन येते. अवघी पाच वचने आहेत. ईजबेल राणीने जीव घेण्याची धमकी दिल्यावर एलिया अरण्यात पळून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. थकून त्याला झोप लागते. देवदूत येऊन त्याला जागे करतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलिया खातो, पाणी पितो आणि पुन्हा आडवा होतो.

देवदूत दुसऱ्यांदा येतो. एकदा खाऊ घातले तरी हा अजून झोपलेलाच, असे म्हणून तो रागावत नाही. पुन्हा हात लावतो, पुन्हा खायला सांगतो आणि या वेळी कारणही देतो : पुढची वाट लांब आहे, ती रिकाम्या पोटी तुझ्याच्याने चालवणार नाही. त्या अन्नाच्या बळावर एलिया चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून होरेब पर्वतापर्यंत पोहोचतो. मरण मागितल्याबद्दल देवदूत त्याला एका शब्दानेही बोल लावत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

कर्करोग उलटलेल्या आपल्या बंधुभगिनींचा विचार या वचनाच्या उजेडात करावा, असे आम्हांला वाटते. आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या आम्हां काही जणांच्या नजरेस एक गोष्ट वारंवार आली आहे. पहिल्यांदा निदान होते तेव्हा सगळे धर्मग्राम धावून येते. नोव्हेना होतात, डबे येतात, ऑपरेशनच्या दिवशी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर आपलीच माणसे बसलेली असतात. उपचार संपतात, केस पुन्हा येतात, उपकारस्तुतीचा मिस्सा होतो. मग दोन वर्षांनी, कधी पाच वर्षांनी, दुखणे उलटते. आणि या वेळी दारात तेवढ्या चपला दिसत नाहीत.

लोक निर्दय झालेले नसतात. उपकारस्तुती तर करून झाली, आता देवापुढे कोणत्या तोंडाने जायचे, हा संकोच असतो. ‘तू बरी होशील’ हे वाक्य एकदा वापरून झालेले असते, दुसरे सुचत नाही. आजारी माणसाचेही तसेच असते. पहिल्या वेळी पुढे काय वाढून ठेवले आहे ते त्याला ठाऊक नव्हते. आता सुई, उलट्या, तोंड येणे, बिले, सगळे ठाऊक आहे. ज्यांनी एकदा इतके केले त्यांना पुन्हा त्रास द्यायची लाज वाटते. म्हणून तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही. एलिया झुडपाखालीच राहतो.

दुखणे उलटते म्हणजे काय होते

शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन (ज्याला आपल्याकडे शेक देणे म्हणतात) यांतूनही कधी कधी थोड्या पेशी वाचतात. त्या इतक्या थोड्या असतात की स्कॅनमध्ये दिसत नाहीत. काही महिने, काही वर्षे त्या गप्प राहतात आणि मग वाढू लागतात : पहिली गाठ होती तिथेच, जवळच्या लसिका ग्रंथींत, किंवा दूर हाडांत, फुप्फुसांत, यकृतात. स्तनाचा कर्करोग हाडात गेला म्हणून तो हाडाचा कर्करोग होत नाही. तो स्तनाचाच राहतो आणि औषधेही त्याचीच लागतात. हे ठाऊक नसले की ‘आता दोन-दोन कॅन्सर झाले’ अशी बातमी वस्तीत फिरते आणि फिरत फिरत आजाऱ्याच्या कानावर येते.

डॉक्टर पुष्कळदा पुन्हा तुकडा काढून तपासायला सांगतात. पहिला रिपोर्ट असताना पुन्हा कशाला, असे घरच्यांना वाटते. परत आलेल्या पेशींचे गुणधर्म बदललेले असू शकतात आणि त्यांप्रमाणे औषध बदलावे लागते, म्हणून ही तपासणी असते.

यात रोग्याचा दोष नाही. ‘पथ्य मोडले असेल’, ‘नवस राहिला असेल’, ‘विश्वास कमी पडला’ असे बोलणारे आपल्यातही आहेत. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. दोघांचेही नाही, असे प्रभूने स्पष्ट सांगितले (योहान ९). काही घरांत टीव्हीवरच्या आरोग्यसभा पाहिल्या जातात आणि तिथे बरे न होण्याचे खापर आजाऱ्याच्या विश्वासावर फोडले जाते. आम्हांला ही शिकवण क्रूर वाटते, आणि ती ख्रिस्तसभेची नाही.

नवा उपचार

‘परत आला की संपले’ ही समजूत आज तशीच्या तशी खरी नाही. खोटा धीरही देऊ नये. दूर पसरून परत आलेला आजार बहुतेक वेळा मुळातून जात नाही. पण त्याला कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, औषधांनी ताब्यात ठेवता येते. हॉजकिन लिम्फोमासारखे काही प्रकार तर उलटल्यावरही बरे होऊ शकतात. हार्मोनच्या गोळ्या आहेत, पेशीतील नेमक्या दोषावर काम करणाऱ्या गोळ्या आहेत, शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी इम्युनोथेरपी आहे. कोणाला काय लागू पडेल हे तपासणीवरून ठरते, शेजारणीच्या अनुभवावरून नाही.

महाराष्ट्रात या बाबतीत मोठे काम झाले आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले. तिथे १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. भारतातले हे पहिले यशस्वी प्रत्यारोपण. मज्जा तिच्या भावाने दिली होती. डॉ. अडवाणी यांचे पाय वयाच्या आठव्या वर्षी पोलिओने गेले. चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी हजारो रोगी तपासले. पुढे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून ‘कार-टी’ नावाचा उपचार भारतात तयार केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. यात रोग्याच्याच रक्तातील टी-पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगाची पेशी ओळखता येईल असा बदल करतात आणि शिरेतून परत देतात. हा उपचार मुद्दाम उलटलेल्या किंवा इतर औषधांना दाद न देणाऱ्या आजारासाठी आहे. मात्र तो रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या काही कर्करोगांपुरताच आहे. परदेशातल्या खर्चाच्या सुमारे दहाव्या हिश्शात तो होतो, तरी आकडा लाखांतच राहतो. स्तनाच्या, तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी त्याला परवानगी नाही. म्हणून मोबाईलवर आलेली अशी बातमी घेऊन आजाऱ्याकडे धावण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारलेले बरे.

आपल्या शहरात आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून चालू आहे. त्याआधी मराठवाड्यातल्या अनेक रोग्यांना मुंबई, पुणे किंवा बार्शी गाठावी लागे. आजही जालना, बीड, परभणीकडची माणसे इथे गाठोडे घेऊन उतरतात आणि सकाळच्या रांगेत बसतात. त्यांत आपल्या खेड्यांतल्या मिशन स्टेशनांतलेही असतात. शहरातले नातेवाईक नसतील तर ते कोणाच्या ओळखीने राहतात, याची चौकशी कोणीतरी करायला हवी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पहिल्या वेळी मिळालेली मंजुरी या वेळी चालत नाही. नव्या उपचाराची मंजुरी नव्याने घ्यावी लागते. रेशन कार्ड आणि आधार यांवरची नावे जुळतात ना, एवढे आधी पाहावे. मुंबईला जावे लागले तर रेल्वेत कर्करोगाच्या रोग्याला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थ्री-टियर एसीचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला लागतो. हे ठाऊक नसल्याने पूर्ण पैसे भरून देवगिरी एक्सप्रेसने जाणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

आणि उपचार नकोच, असे आजाऱ्याने ठरवले तर? हा प्रश्न आपल्याकडे दबक्या आवाजात विचारला जातो. ख्रिस्तसभेचा धर्मोपदेश याबाबत स्पष्ट आहे. जो उपचार फार कष्टाचा, धोक्याचा किंवा मिळणाऱ्या लाभाच्या मानाने अवजड आहे तो थांबवणे किंवा नाकारणे ही आत्महत्या नव्हे (परिच्छेद २२७८). हा निर्णय जमेल तोवर आजाऱ्याने स्वतः घ्यायचा असतो. वेदना शमवणाऱ्या औषधांबाबत पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना सांगितले होते की वेदना कमी करणे हाच हेतू असेल तर अशी औषधे देण्यास हरकत नाही. मॉर्फिन घेतले म्हणजे श्रद्धा कमी पडली, असे कोणी समजू नये. टाटा रुग्णालयातले शल्यचिकित्सक डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला ‘शांती आवेदना सदन’ सुरू केले. भारतातले ते पहिले हॉस्पिस. आपल्या धर्मभगिनी तिथे सेवा करतात. वेदना कमी करण्याची ही विद्या शेवटच्या आठवड्यांपुरती नाही, ती नव्या उपचाराच्या जोडीने पहिल्या दिवसापासून मागता येते.

तेल पुन्हा लावता येते

आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून ‘अंत्याभ्यंग’ हा शब्द आहे. फादर तेल घेऊन आले म्हणजे आता काही तासांचा प्रश्न, अशी धास्ती घरात पसरते. मग फादरना इतक्या उशिरा बोलावतात की आजाऱ्याला शुद्धच नसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पोप पॉल सहावे यांनी १९७२ साली या संस्काराचा विधी नव्याने लावून दिला. हा रुग्णाभ्यंग आहे, आजाऱ्याच्या बळासाठी आहे. मोठ्या शस्त्रक्रियेआधी तो घ्यावा. आणि आपल्या विषयाला सर्वांत महत्त्वाचे हे की तो एकदाच घ्यायचा संस्कार नाही. बरे झालेला माणूस पुन्हा गंभीर आजारी पडला, किंवा त्याच आजारपणात दुखणे वाढले, तर तो पुन्हा घेता येतो (परिच्छेद १५१५). जणू दुखणे उलटलेल्या माणसालाच समोर ठेवून ख्रिस्तसभेने हा नियम केला आहे.

याकोबाच्या पत्रात (५:१४) आजारी माणसाने ख्रिस्तमंडळीतील वडीलजनांना बोलवावे असे सांगितले आहे. बोलावणे त्याच्याकडून यायचे आहे, म्हणजे त्याला ते येण्याइतकी शुद्ध असतानाच हे घडले पाहिजे. केमोच्या पहिल्या तारखेच्या आधीचा एखादा निवांत दिवस, घरची चार माणसे, दोन शेजारी, एवढ्यात तो संस्कार किती सुंदर होतो ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ‘अंत्य’ हा शब्द पुन्हा वापरावासा वाटत नाही.

डॉक्टरांकडे जाणे आणि प्रार्थना यांत वैर नाही. सिराखच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय वैद्याचा मान ठेवायला सांगतो, कारण त्यालाही देवानेच नेमले आहे आणि औषधे जमिनीतून उगवणारा देवच आहे. (प्रोटेस्टंट बायबलमध्ये हा ग्रंथ नसतो. कॅथोलिक आवृत्ती काढून पाहावी.) त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात विश्वासू मित्राला औषधाची उपमा दिली आहे.

मित्राचे काम

देवदूताने एलियाला काय दिले? भाकर, पाणी आणि स्पर्श. प्रवचन दिले नाही. आपल्याकडून नेमके उलटे होते. आपण बोलायला जातो आणि भाकर राहून जाते.

‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य सोडून द्यावे. आजारी माणूस कधीच सांगत नाही. त्याऐवजी नेमके विचारावे : मंगळवारच्या केमोला रिक्षा घेऊन मी साडेसातला येऊ का? धाकट्याला शाळेतून मी आणू का? आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. ज्या बाईच्या हाताला सलाईनच्या सुया टोचून सूज आली आहे ती पाण्याच्या दिवशी पहाटे उठून ड्रम कसे भरणार? हे काम एखाद्या तरुणाने घेतले तर अर्ध्या तासाचे आहे. आम्हांला विचाराल तर नऊ दिवसांच्या नोव्हेनाइतकीच ही भक्ती आहे, आणि नोव्हेना म्हणून झाल्यावर बादल्या उचलायला कोणाची मनाई नाही.

एक जण फाईल सांभाळणारा असावा. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावणे, पहिल्या वेळी कोणते औषध किती वेळा दिले त्याचा कागद वर ठेवणे, डॉक्टर बोलतात ते वहीत लिहून घेणे. उलटलेल्या आजारात डॉक्टर सर्वांत आधी हेच विचारतात, आणि घाबरलेल्या नवऱ्याला किंवा मुलीला नेमके तेव्हाच काही आठवत नाही. फाईल सांभाळणारा माणूस फार प्रेमळ नसला तरी चालेल, नीटनेटका हवा.

केमोनंतर साधारण आठवडा-दोन आठवडे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या दिवसांत सर्दी-खोकला असलेल्याने भेटीला जाऊ नये, दारातूनच डबा द्यावा. आणि हे प्रत्येकाने पाठ करावे : केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरेनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट पाहायची नसते, घरची गोळी देऊन झोपवायचे नसते. लगेच रुग्णालय गाठायचे असते. रात्री दोन वाजता फोन केला तर गाडी काढील असा एक मित्र हवा आणि त्याचा नंबर भिंतीवर लावलेला असावा.

जेवणाचे म्हणाल तर प्रत्येकाने मटणाचा रस्साच आणला पाहिजे असे नाही. केमोत तोंडाची चव जाते, वासाने मळमळते. आधी विचारावे. साधी मऊ खिचडी, ताक, कधी नुसती पेज. कोणी पानांचा रस आणतो, कोणी गावच्या वैद्याची पुडी. आणणाऱ्याचे प्रेम खरे असते, पण नव्या औषधांबरोबर ते घ्यावे की नाही हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

बोलण्याचा भाग अवघड आहे. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (ईयोब २:१३). तोवर त्यांचे सगळे ठीक होते. मग त्यांनी तोंड उघडले, दुःखाची कारणे सांगायला लागले आणि अध्यायामागून अध्याय चुकत गेले. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. रागाने, रडत, देवाशी वाद घालणाऱ्या ईयोबाचे बोलणे देवाने खरे ठरवले. म्हणून आजारी माणूस ‘देवाने माझ्याशी असे का केले’ म्हणाला तर घाईने त्याचे तोंड बंद करू नये. देवाला ते बोलणे नवे नाही.

इतरांच्या गोष्टी उशाशी नेऊ नयेत. ३१ ऑगस्ट २०२५ रोजी अभिनेत्री प्रिया मराठे यांचे ३८व्या वर्षी कर्करोगाने निधन झाले. एकदा आजारातून सावरून त्या पुन्हा कामाला लागल्या होत्या, आणि आजार परत आला. मालिकांमुळे त्या घराघरांत ओळखीच्या होत्या. अशी बातमी येते तेव्हा आजारी माणूस मनातल्या मनात स्वतःचा हिशेब मांडत असतो. त्याने विषय काढला तर ऐकावे, आपण होऊन काढू नये. ‘माझ्या मावशीला पण परत आला होता’ हे वाक्य अर्ध्यातच गिळावे, मावशी बरी झालेली असली तरी.

आणि घरच्यांकडे पाहावे. रोग्याची विचारपूस दहा जण करतात; रोज रात्री जागणाऱ्या पत्नीला, नोकरीवर रजा उरलेली नाही अशा मुलाला कोणी विचारत नाही. रविवारी तासभर तुम्ही आजाऱ्याजवळ बसा आणि त्यांना निवांत मिस्साला येऊ द्या. गेथशेमाने बागेत प्रभूने आपल्या तिघा मित्रांकडे जागे राहण्याखेरीज काही मागितले नव्हते, आणि तेवढेही त्यांना जमले नाही. जागे राहणे हे वाटते तितके सोपे काम नाही, म्हणून ते पाळीपाळीने करावे.

पुढच्या बैठकीत लहान ख्रिस्ती समूहांनी हे वाचन घ्यावे. आपल्या गल्लीत, आपल्या कॉलनीत कोणाचे दुखणे उलटले आहे का? शेवटचे आपण त्यांच्याकडे केव्हा गेलो? पुढच्या केमोच्या तारखा कोणत्या, आणि त्या दिवशी कोण मोकळे आहे? ज्यांना घरी ख्रिस्तप्रसाद हवा आहे किंवा रुग्णाभ्यंग हवा आहे त्यांची नावे फादरांकडे द्यावीत. पण श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आजाऱ्याचे नाव वाचण्याआधी त्याला विचारावे. काहींना सगळ्या चर्चने आपल्यासाठी प्रार्थना करावी असे वाटते. काहींनी अजून आपल्या म्हाताऱ्या आईलाही सांगितलेले नसते.